डफ, नगारा आणि खराटा

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

गाणं म्हणजे निव्वळ करमणूक, असं आम्हांला शिकवणारे शहाणे थोडेथोडके नाहीत. कामगारानं घाम गाळावा, सणाला वर्गणी द्यावी, मिरवणुकीत नाचावं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट पाळीवर जावं, एवढंच त्यांना हवं आहे.

आम्ही विचारतो, गाणं इतकं निरुपद्रवी असतं तर सरकारं गाणाऱ्यांना का भ्याली? 1942 साली चिमूर-आष्टी पेटली तेव्हा इंग्रजांनी खंजिरीवर भजनं म्हणणाऱ्या तुकडोजी महाराजांना तुरुंगात का डांबलं? स्वराज्य आल्यावर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी का घातली? गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी त्याच तमाशाला लोकनाट्य म्हटलं आणि फड पुन्हा उभा केला! अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर यांच्या डफानं माणसं चाळीतून मैदानात आणली. त्या माणसांनी लढून, रक्त सांडून 1 मे 1960 रोजी मराठी राज्य मिळवलं.

राज्य मिळालं म्हणून डफाचं काम संपलं काय? मुळीच नाही! त्याचा पुरावा वाशीम जिल्ह्याच्या मुलखात आहे. हा जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला. इथल्या कारंज्याचा कापूस एके काळी अरुंद रुळांच्या गाडीनं मूर्तिजापूरला जाई आणि पुढं गिरण्यांची वाट धरी. ज्या मातीचं सूत आपण कातलं, ती माती आपल्याला परकी नाही.

कारंज्याला लागूनच मूर्तिजापूर तालुका. तिथलं दापुरे हे गाडगेबाबांचं आजोळ. 1905 साली बाबांनी घर सोडलं ते जत्रांच्या वाटेनं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. दिवसा जत्रेतली घाण झाडायची आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तनाला उभं राहायचं. नवसाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरं शाळेत घाला, हे त्यांनी हुकूम काढून सांगितलं नाही. समोरच्या माणसाला प्रश्न विचारला आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढलं. कीर्तनाला जमलेल्या लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. टाळ्या विरून गेल्या, दगडी भिंती उभ्या राहिल्या. याला म्हणतात कीर्तन!

दुसरा पुरावा मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीचा. बंजारा समाजाची ही काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे आणि रामनवमीला तांड्या-तांड्यांतून माणूस इथं लोटतो. नगारा घुमतो, थाळी वाजते, गोरबोलीतली भजनं रंगतात. मराठी राज्य म्हणजे एकाच बोलीची मक्तेदारी नव्हे, ही भजनंही या राज्याचंच धन आहेत. एक दिवस वाटीभर पाणी रुपयाला विकलं जाईल, असं सेवालाल महाराजांनी सांगितल्याचं समाज पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. तळी, विहिरी, रान राखा, हाच त्यातला इशारा. पुस्तक न वाचलेल्या माणसापर्यंत तो नगाऱ्यानं पोचवला. आज पाणी बाटलीत विकलं जातं. भाकीत खरं ठरलं, आपण मात्र झोपलो!

आणि आज आपल्या सणांत काय चाललं आहे? वर्गणी आपली, भिंतीएवढे भोंगे भाड्यानं देणाऱ्याची चंगळ! 2000 सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ठरवली आहे. ती मोडली की चाळीतलं तान्हं पोर दचकतं, रातपाळी करून झोपलेला कामगार तळमळतो. पाण्यात न विरघळणाऱ्या प्लास्टरच्या मूर्ती तळ्याच्या बुडाशी पडून राहतात. आणि डफवाला, सनईवाला, नगारेवाला रस्त्याच्या कडेला हात बांधून उभा! हा सण कोणाचा? आपला की ठेकेदाराचा?

कोणी म्हणेल, तुम्ही पोरांच्या आनंदावर उठलात. खोटं! नगाराही मोठ्यानंच वाजतो. पण त्यामागं माणसाचे हात असतात. हात थकले की नगारा थांबतो, आणि बिदागी त्या हातांच्या घरी जाते. दुसरा म्हणेल, गाण्यानं कुठं विहीर भरते? खरं आहे. नुसत्या गाण्यानं एक थेंबही वाढत नाही. म्हणून तर बाबांनी कीर्तनाआधी खराटा धरला! गाणं संपल्यावर हात कामाला लागले नाहीत, तर ते गाणं फुकट गेलं असंच आम्ही धरू.

म्हणून आमचं रोखठोक मागणं आहे. मंडळाची वर्गणी देताना हिशेब मागा. भोंग्याचं भाडं तोडा आणि हातानं वाजवणाऱ्याला पोटभर बिदागी द्या. ज्या जागेवर सण झाला, ती जागा दुसऱ्या दिवशी मंडळानंच झाडावी. आणि दर सणामागं एक काम पुरं करा. एखादी विहीर उपसा, एखाद्या तळ्यातला गाळ काढा, लावलेली झाडं जगवा. गावी जाल तेव्हा जत्रेच्या पंचांनाही हेच ठणकावून सांगा.

डफानं राज्य आणलं. आता खराट्यानं ते राखायचं आहे.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!