वाचनाच्या बैठकींतून : ‘मी’ म्हणजे कोण?

सदाशिव पेठेंतील एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर सुनांपैकीं एकीनें मोठ्यानें वाचावें व सर्वांनीं ऐकावें, असा जुना पाठ आहे. सध्यां हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ चालली होती. यमूच्या बळजबरीच्या केशवपनाचें प्रकरण झालें आणि सासूबाई कडाडल्या, “कोण ही बाई? घरचीं लक्तरें अशीं वेशीवर टांगावीं का?” पुस्तक मिटलें, तें अद्याप उघडलें नाहीं. ‘निवेदक’ म्हणजे काय, हें सासूबाईंना पटेल असें सांगा, अशी बाईंची विनंती आहे.

आम्हांस तर सासूबाईंच्या रागांत हरिभाऊंचें यशच दिसतें. ही कथा १८९० पासून पुण्याच्या ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली, तेव्हां हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते; आणि कथेंत ‘मी’ म्हणते ती ब्राह्मण घरांतली एक मुलगी! पुस्तक लिहितो तो लेखक. पुस्तकांत बोलतो तो निवेदक. यमूला हरिभाऊंनीं निर्माण केलें, आणि मग स्वतः माजघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हीच हकीकत त्यांना त्रयस्थपणें सांगतां आली असती. पण मग ती एका सुधारकाची तक्रार झाली असती, आणि सुधारकांचीं व्याख्यानें त्या काळीं पुण्यांत थोडीं नव्हतीं. शिवाय लहानगी यमू वडील माणसांचें बोलणें जसें कानीं पडलें तसें सांगते. तिला त्यांतलें निम्में उमजत नाहीं. आपल्याला उमजतें, आणि तेथेंच जीव कासावीस होतो.

(‘कादंबरी’ हें नांव तरी कोठचें? बाणभट्टाच्या नायिकेचें! हिंदींत उपन्यास म्हणतात, गुजरातींत नवलकथा. आपण व कानडी लोकांनीं मात्र एका नायिकेचें नांव साऱ्या जातीला देऊन टाकलें.)

कथानक आणि आशयसूत्र यांचाही असाच घोटाळा होतो. यमूचें लग्न, नवऱ्यानें तिला लिहावयास वाचावयास शिकविणें, मुंबईचे सुखाचे दिवस, वैधव्य, केशवपन हें कथानक. मग सूत्र केशवपन का? आम्हांस तसें वाटत नाहीं. तें मथळ्यांतच आहे. माणसांनीं भरलेल्या घरांत एक बाई बोलते आहे आणि कोणी ऐकत नाहीं. केशवपन पुढें बंद पडलें. ही दुसरी गोष्ट बंद पडली असें आम्ही पैजेवर सांगणार नाहीं.

पत्रलेखिकेस आमची सूचना इतकीच : सासूबाईंना व्याख्या सांगत बसूं नये. पुस्तक पुन्हा आरंभापासून काढावें, आणि पहिलीं दोन प्रकरणें सासूबाईंच्याच हातीं देऊन त्यांना मोठ्यानें वाचावयास सांगावें. तो ‘मी’ त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघूं द्यावा. चष्मा मात्र आधींच शोधून ठेवावा.