प्रवरेची तसबीह

यहुदी धर्मग्रंथाचे नाव काढले की आपल्यातल्या अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. गाझाच्या बातम्या पाहता ते समजू शकते. पण जबूर हजरत दाऊद (अ.) यांना अल्लाहनेच दिली, हा आपल्या ईमानाचा भाग आहे. एका सरकारचा राग दाऊदांच्या स्तोत्रांवर कशाला काढायचा? कोकणातले बेने इस्रायल तर पिढ्यान्‌पिढ्या आपलीच मराठी बोलत आले. (आजची स्तोत्रे म्हणजेच मूळ जबूर का, ही चर्चा आलिमांवर सोडू या.)

यहुद्यांच्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत 148 वे स्तोत्र असते. त्यात अल्लाहची स्तुती करायला कोणाकोणाला हाक मारली आहे? सूर्य, चंद्र, तारे, पाण्यातले मोठे जीव, गारा, वारा, डोंगर, फळझाडे, गुरेढोरे, सरपटणारे प्राणी, पाखरे. राजे येतात ते यांच्यानंतर! मला हा क्रम फार आवडतो.

हेच कुरआनात आहे, आणि तेही सूरह बनी इस्राईलमध्ये. 44 वी आयत सांगते की अल्लाहची तसबीह करत नाही अशी एकही वस्तू नाही, फक्त तुम्हाला ती समजत नाही. सूरह नूरच्या 41 व्या आयतीत पंख पसरलेली पाखरेही आपापली नमाज जाणतात. सूरह अनआमच्या 38 व्या आयतीत प्राणी आणि पक्षी म्हणजे आपल्यासारख्याच उम्मती.

हे खरे मानायचे तर नदीतला मासा मारणारे सांडपाणी म्हणजे एका इबादत करणाऱ्याचा गळा दाबणे आहे. बेलापूर प्रवरेच्या काठचे. याच नदीवर खाली नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आज तिच्या काठच्या गावांत वाळूउपसा हा रोजचा विषय आहे. भोंग्याच्या आवाजावर आपण बैठका घेतो, निवेदने देतो. द्यावीतच, तो हक्काचा प्रश्न आहे. पण नदीसाठी जमातीने मिळून दिलेले एखादे निवेदन कोणाला आठवते का? वाळूच्या धंद्यात आपलीही माणसे आहेत, म्हणून तर ही गप्पी नाही ना?

वुजूच्या पाण्यावर आपण मसले विचारतो. ते पाणी येते कुठून, यावर जुम्याच्या खुत्ब्यात दहा मिनिटे बोलायला काय हरकत आहे? इमामसाहेबांनी सुरुवात करावी. मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सांडपाणी आणि वाळू या दोनच विषयांवर ठराव मांडू. वारकरी मंडळींना आधी भेटू, ते नाही म्हणणार नाहीत. मसुदा लिहायला मी तयार आहे, सह्यांसाठी चार तरुण हवेत.