बरोबर कुणी नाही?

गेल्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी मी माझ्या दोन मुलांना घेऊन मेढ्याहून महाबळेश्वरला गेले आणि संध्याकाळी परत आले. यात लेख लिहिण्यासारखं काय आहे, असं एखादीला वाटेल. निघताना मलाही तसंच वाटत होतं. पण त्या एका दिवसात मला सात वेळा एकच प्रश्न विचारला गेला, ‘बरोबर कुणी नाही?’ आणि सातही वेळा सहा वर्षांचा मुलगा माझं बोट धरून उभा होता, दोन वर्षांची मुलगी कडेवर होती. म्हणजे बरोबर दोघं होती. विचारणाऱ्याच्या हिशेबात ती नव्हती.

पहिल्यांदा हा प्रश्न मेढ्याच्या स्टँडवर ओळखीच्या एका काकूंनी विचारला, तोही काळजीपोटी. एस.टी.त कंडक्टरनं दोन अर्धी तिकिटं फाडली. १७ मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट, पोराला वयानं अर्धं. आई अर्धी, लेक अर्धा, धाकटी फुकट. आम्ही तिघं मिळून एका पूर्ण माणसाच्या भाड्यात केळघरचा घाट चढलो. घाटात मुलीनं माझ्या ओढणीत उलटी केली. शेजारच्या आजींनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि पाठोपाठ विचारलं, ‘देवाला निघालीस का गं?’ मी ‘फिरायला’ म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘आणि मालक?’

मालक वाशीला असतात. खरं तर आमच्या जावळी तालुक्यात यात नवल वाटायचं काही कारण नाही. इथल्या कित्येक घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला. आधी गिरणीत, मग माथाडी म्हणून गोदीत आणि बाजारात. मागे राहिलेल्या बायकांनी शेती केली, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, रात्री-अपरात्री पोर पाठुंगळीला मारून दवाखाना गाठला. दारूचं दुकान बंद करायला बाटली आडवी करण्यासाठी मतदानाच्या रांगेत याच बायका उभ्या राहिल्या. यातल्या एकीलाही पोर घेऊन दवाखान्यात जाताना ‘बरोबर कुणी नाही?’ असं कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मुलांचं करताना बाई एकटी असणं या व्यवस्थेला चालतं. तिचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. देशातल्या वेळेच्या वापराच्या २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषांची ९७. तीच बाई तीच मुलं घेऊन, काही काम नसताना, नुसती मजा करायला घराबाहेर पडली की मात्र ती ‘एकटी’ ठरते.

वेण्णा तलावावर आम्ही होडीत बसलो. हे पाणी पुढं आपल्या मेढ्यावरून जातं, हे मी मुलाला सांगितलं. त्यानं लगेच पाण्यात वाकून हात घातला, त्याला धरताना धाकटीला सावरायचं राहिलं आणि ती कमरेपर्यंत भिजली. डिसेंबरातली तिथली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिचे कपडे बदलायला, तिला पाजायला आणि तासभर निजवायला एक कोपरा हवा होता. आदल्या महिन्यात कामाच्या फिरतीत एका ठिकाणी मी ‘हिरकणी कक्ष’ अशी सुंदर रंगवलेली पाटी पाहिली होती. दाराला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इथं तर पाटीही दिसेना. म्हणून मी संध्याकाळपर्यंत एक खोली घ्यायचं ठरवलं. पैसे होते, ओळखपत्र होतं.

पहिल्या लॉजवर काउंटरवरचा मुलगा अदबीनं म्हणाला, ‘मॅडम, साहेब गाडी लावतायत का?’

‘साहेब नाहीत. आम्ही तिघंच.’

‘मग सॉरी. आम्ही फक्त फॅमिलीला रूम देतो.’

मी कडेवरच्या ओल्या मुलीकडे बोट दाखवलं. ‘ही फॅमिली नाही का?’ तो खरोखर गोंधळला. त्याचा दोष नव्हता, त्याला वरून तसं सांगितलेलं होतं. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा या देशात नाही. ओळखपत्र पाहावं, रजिस्टरमध्ये नोंद करावी, खोली द्यावी, इतकंच त्याचं काम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या वयानं मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून नवऱ्याविना घर हेही घरच असतं हे आपण सांगत आलो. ते सगळं त्या काउंटरच्या अलीकडेच थांबलेलं होतं.

पुढं जे केलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. दुसऱ्या लॉजवर मी म्हटलं, ‘साहेब मागून येताहेत.’ दोन मिनिटांत किल्ली मिळाली. कुणी साहेबांचं नाव विचारलं नाही, ओळखपत्र मागितलं नाही. माझी दोन हाडामांसाची मुलं मिळून जे कुटुंब होत नव्हतं, ते एका न आलेल्या पुरुषानं झालं. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, गावोगाव बायकांना ‘ठामपणे बोला’ असं शिकवते; आणि पोरगी थंडीनं काकडायला लागल्यावर मी तिसरं वाक्य खोटं बोलले. मुलीला कोरडं केलं, पाजलं, ती झोपली. मुलगा खिडकीला नाक लावून उभा होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, ‘आई, बाबा कुठल्या गाडीनं येतायत?’ त्याला दोन महिन्यांत बाबा भेटले नव्हते. काउंटरवरचं माझं वाक्य त्यानं खरं मानलं होतं. मला त्याला काय सांगावं ते सुचेना. शेवटी ‘नाही येत, मी चुकीचं बोलले’ असं म्हटलं. तो रडला नाही, खिडकीपाशीच उभा राहिला. त्या लॉजवाल्यावर मला जितका राग आला नाही तितका त्या क्षणी स्वतःचा आला. मग वाटलं, हा राग मी चुकीच्या पत्त्यावर पाठवतेय.

आमच्याकडे हिरकणीचं फार कौतुक. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती अंधारात कडा उतरून गेली, अशी कथा. तिच्या नावाचा बुरूज झाला, आता कक्षही झाले. पण ती बाळ कडेवर घेऊन गडावर नुसतं चांदणं बघायला गेली असती तर? आईचं धाडस आपल्याला बाळासाठी केलेलं हवं असतं. तिच्या मजेसाठी अजून कुठं कक्ष नाही. इकडं आर्थर सीटवर गाईड सांगतात की मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी, बायको आणि लेकरू सावित्रीच्या मुखाशी बुडाल्यावर, त्या दरीकडे बघत एकटाच बसायचा. पुरुषाच्या एकटेपणाला इथं दुःख म्हणून का होईना, मान आहे आणि त्याच्या नावाचा पॉइंट आहे.

माझा मावसभाऊ आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन मागच्या वर्षी इथंच आला होता. बायको परीक्षेला बसली होती. त्याला ‘बरोबर कुणी नाही?’ असं विचारलं ते कौतुकानं. कणीसवालीनं मुलीला एक कणीस जास्त दिलं, एका अनोळखी बाईनं तिला स्वच्छतागृहात नेऊन आणलं, खोली विनाचौकशी मिळाली. तो घरी येऊन म्हणाला, ‘लोक काय चांगले असतात गं!’ त्याच्यापुरतं ते खरंच आहे. मात्र मुलीला स्वच्छतागृहात नेण्यासाठी बापाला परक्या बाईची विनवणी करावी लागते, कारण लहान मूल घेऊन बाप येईल हे बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नसतं. ती अडचणही याच दुखण्यातली आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. हे ‘नंतर’ म्हणजे तो मेल्यावरच नव्हे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साल उजाडावं लागलं. पाच वर्षांच्या आतलं मूल मात्र शक्यतो आईकडे राहावं, हे त्याच कायद्यात पहिल्यापासून आहे. थोडक्यात, सांभाळायला आई आणि सही करायला बाप.

तलावाकडून परतताना ज्या बाईकडून आम्ही कणीस घेतलं, तिचंही तीन वर्षांचं पोर गाड्याखाली पोत्यावर खेळत होतं. सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत ती तिथं. तिला कुणी काही विचारत नाही, कारण ती कामावर आहे. मी विचारलं, मधे कुठं जाता? ती म्हणाली, ‘पाणीच कमी पिते ताई.’ पुण्यातल्या ‘मिळून साऱ्याजणी’नं स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना त्याबाबत निर्देश दिले, हे तिला सांगून काय उपयोग होता? सहलीच्या गावात स्वच्छतागृह बांधायचं ते पर्यटकासाठी, असं मानतात; तिथं दिवसभर राबणाऱ्या बाईसाठी नव्हे. मला निदान दोन तास खोटं बोलून एक मोरी मिळाली. तिला खोटं बोलूनही मिळाली नसती. माझी तक्रार तिच्या तक्रारीहून मोठी नाही हे मला कळतं. पण ‘आधी तिचा प्रश्न सोडवा, मग तुमच्या सहलीचं बघू’ असं म्हणणाऱ्यांनी आजवर तिचाही सोडवलेला नाही.

आणि आपलं काय, मैत्रिणींनो? आपल्या संस्थांच्या अहवालात बायकांना बाहेर नेलं की त्याला आपण ‘अभ्यासदौरा’ म्हणतो. बचत गट गेला तर प्रशिक्षण, नाहीतर देवदर्शन. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांसाठी विनाकारण भटकण्याचा हक्क मागितला. आपण त्यावर चर्चासत्रं घेतली, आणि चर्चासत्राच्या रजेसाठी कारण लिहिलं ‘कार्यालयीन काम’. मी स्वतः त्या मंगळवारच्या रजेच्या अर्जात ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं होतं. लॉजवर बोलले ते त्या आठवड्यातलं दुसरं खोटं.

फेब्रुवारीत आमच्या गटातल्या सात जणी अकरा मुलांना घेऊन जाणार आहोत. लॉजला आधी पत्र पाठवून विचारलं आहे की सात बाया आणि अकरा मुलं म्हणजे फॅमिली का; उत्तर आलेलं नाही. दरम्यान दोघींच्या सासवांनी ‘कशाला?’ म्हणून विचारलं आहे. गटाच्या इतिवृत्तात कारण काय लिहायचं यावर परवा अर्धा तास वाद झाला. एकीनं ‘स्ट्रॉबेरी लागवडीची पाहणी’ सुचवलं. मी ‘फिरायला’ लिहा म्हटलं. मतदान पुढच्या शनिवारी आहे.