शंभर अधिक पन्नास बरोबर दहा हजार पन्नास!

काय दोस्तांनो, १०० आणि ५० यांची बेरीज किती? "हे तर दुसरीतलं पोरही सांगेल," असं म्हणाल. पण आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरने त्याचं उत्तर दिलं १००५०! तेही अगदी ठणकावून.

झालं होतं असं. सातवीतल्या एका मुलीची आई बचत गटाचा हिशेब ठेवते. वही, पेन्सिल आणि रात्री उशिरापर्यंत आकडेमोड. मुलीच्या मनात आलं, आईसाठी आपणच एक छोटा कॅल्क्युलेटर तयार करावा. पायथन भाषेचे चार धडे झाले होते. दोन संख्या विचारायच्या, चिन्ह विचारायचं, उत्तर छापायचं. दहा-बारा ओळींचं तर काम! तिने प्रोग्रॅम लिहिला, चालवला आणि हे उत्तर बघून रडवेली झाली. "बाई, सगळं पुसून टाकते. मला नाही जमायचं."

पुसायचं मुळीच नाही! चुकलेलं उत्तर म्हणजे चोराच्या पावलांचा ठसा. पुसलात तर चोर सापडायचा कसा?

आता ठसा नीट पाहा. १०० पुढे ५० चिकटले आणि १००५० झाले. म्हणजे कॉम्प्युटरने बेरीज केलीच नाही, जोडाजोड केली. पायथनमध्ये 'इनपुट' ही आज्ञा तुम्ही टाइप केलेलं सगळं अक्षरं म्हणूनच घेते, मग ते नाव असो की आकडा. आणि अक्षरांमध्ये अधिक चिन्ह टाकलं तर ती एकापुढे एक चिकटतात. 'फुल' अधिक 'दाणी' बरोबर 'फुलदाणी', तसंच हे! उपाय सोपा आहे. आलेल्या अक्षरांची आधी संख्या करायची. 'इंट' ही आज्ञा पूर्ण संख्या करते, 'फ्लोट' दशांश चिन्हाची. साडेबारा रुपयांसाठी १२.५ टाइप करून 'इंट'कडे दिलेत, तर ते तिथेच अडून बसेल. म्हणून तिने 'फ्लोट' वापरलं आणि उत्तर आलं १५०.०. (गंमत सांगू? मराठी कळफलकावरून १०० असं देवनागरीत टाइप केलं, तरी 'इंट' आणि 'फ्लोट' दोघांनाही ते बरोबर कळतं. करून बघा.)

प्रोग्रॅममधल्या अशा चुकीला 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या 'मार्क-२' या अवाढव्य कॉम्प्युटरमध्ये खरंच एक पाखरू अडकलेलं सापडलं होतं. ते नोंदवहीत चिकटवून ठेवलं, ती वही आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. हा शब्द त्या दिवशी जन्मला असं पुष्कळजण सांगतात, ते मात्र खरं नाही. एडिसनने १८७८ मध्येच यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हटलं होतं.

असो. आपल्या मुलीच्या हाती दुसरा किडा लागला, तो याहून वाईट. बेरीज जमल्यावर तिने सरासरीही घातली. एका बाईंनी एका महिन्यात १०० रुपये भरले, दुसऱ्या महिन्यात ५०. तिने लिहिलं: अ + ब / २. उत्तर आलं १२५. कॉम्प्युटरने कुरकुर केली नाही, लाल अक्षरात काही छापलं नाही. मुलगी खूश! चूक पकडली ती आईने. पायथनचं नावही न ऐकलेली ती माउली म्हणाली, "अगं, जास्तीत जास्त भरले शंभर. मग सरासरी सव्वाशे कशी येईल?"

आठवा बरं, 'कंचेभागुबेव'! कंस आधी, भागाकार बेरजेच्या आधी. पायथनही तेच पाळतं. त्याने ५० ला २ ने भागलं, २५ आले, त्यात १०० मिळवले. पाहिजे होतं (अ + ब) / २, म्हणजे ७५. एका कंसापायी ही गडबड! मला विचाराल तर १००५० हा किडा बिचारा भला. तो स्वतःच ओरडून सांगतो की मी इथे आहे. १२५ मात्र साळसूद चेहऱ्याने वहीत जाऊन बसला असता आणि गटातल्या बायकांचे पैसे चुकीचे मांडले गेले असते.

म्हणून प्रोग्रॅम तपासताना उत्तर आधी स्वतः कागदावर काढा, मग कॉम्प्युटरला विचारा. आणि हो, तपासायला २ आणि २ घेऊ नका हं! २ अधिक २ चार, २ गुणिले २ सुद्धा चार. बेरजेच्या जागी गुणाकार लिहिला असेल तरी कळणार नाही. ७ आणि ३ घ्या. तरी चूक सापडेना, तर मधेमधे 'प्रिंट' घालून बघा, कुठल्या ओळीपर्यंत आकडे शहाण्यासारखे वागताहेत. दुरुस्ती एका वेळी एकच करा. पाच ठिकाणी हात घातलात, तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, देवालाच ठाऊक. लाल अक्षरात काही आलं, तर घाबरून खिडकी बंद करू नका. सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा. काय बिघडलं ते तिथे असतं आणि कुठल्या ओळीत, ते तिच्या वर.

आता तुमच्यासाठी कोडं. याच मुलीने चार चिन्हांसाठी चार वेगवेगळे 'इफ' लिहिले: अधिक, वजा, गुणिले आणि शेवटी भागिले. त्या शेवटच्याला जोडून 'एल्स' दिलं: "हे चिन्ह मला माहीत नाही." भागाकार छान चालतो. पण बेरीज केली की बरोबर उत्तर छापून झाल्यावर खाली परत येतंच, "हे चिन्ह मला माहीत नाही"!

का बरं? कागदावर चारही 'इफ' लिहा आणि अधिक चिन्ह हातात धरून एकेका ओळीवरून बोट फिरवा. उत्तर पुढच्या अंकात.