गोठलेल्या जमिनीचा नकाशा

हिमालयाच्या उंच उतारांवर दगडमातीच्या थराखाली वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन आहे. किमान दोन वर्षे सलग जिचे तपमान शून्य अंशाच्या वर गेलेले नाही, ती कायम गोठलेली, अशी शास्त्रज्ञांची व्याख्या. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि पाच हजार मीटर उंचीवर जागोजाग छिद्रे पाडून तपमान मोजणे अशक्यप्राय आहे. मात्र तिची एक खूण उघड्यावर असते: दगडी हिमनदी. दगडगोटे आणि बर्फ यांचा हा एकजीव ढीग वर्षाला काही सेंटिमीटर ते एकदोन मीटर सरकतो. त्याच्या पाठीवर वळ्या पडतात, तोंडाशी उभा, बोडका उतार राहतो. सरकती दगडी हिमनदी जेथवर उतरली, साधारण तेथवर जमीन गोठलेली असल्याचे अनुमान काढता येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या हिमाचल प्रदेशाच्या सूचीत अशा ५१६ हिमनद्या आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय बंगळूरला असताना ही सूची एका अमेरिकी मक्तेदार कंपनीच्या उपग्रहचित्रांवरून तयार झाली, हेही नोंदवून ठेवावे.

डोंगरउतारांना बांधून ठेवणारा हा बर्फ तपमानवाढीने सैल होतो. उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरापासून खालच्या वस्त्यांना व जलविद्युत प्रकल्पांना असलेला धोका २०२१ सालच्या एका अभ्यासाने दाखवून दिला होता. त्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधक सहभागी होते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सरोवराकाठचा गोठलेला दगडमातीचा बांध पाण्यात कोसळला. उसळलेल्या लाटेने सरोवर फुटले आणि चुंगथांग येथील १२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. शंभराहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले होते. ज्यांनी ते वाचून कृती करायची, त्यांचा हिशेब मेगावॉटचा आणि ठेक्यांचा होता.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने तेच धरण पुन्हा बांधण्याची शिफारस केली. उंची ६० मीटरवरून ११८ मीटरवर. आमची मागणी स्पष्ट आहे. तिस्तेच्या वरच्या खोऱ्यातील दगडी हिमनद्यांची व गोठलेल्या उतारांची संपूर्ण सूची सरकारी खर्चाने करावी, ती नेपाळी, लेपचा व भुतिया भाषांत ग्रामसभांपुढे ठेवावी, आणि बोगद्यात उतरणाऱ्या मजुरांच्या युनियनांना तिची प्रत मिळेपर्यंत कंत्राटदाराला एकही सुरुंग लावू देऊ नये.