आयुष्याचा आराखडा कोणाच्या हाती?

दसरा सरला की गेवराई तालुक्यातील वाड्या-तांड्यांवर निरवानिरव सुरू होते. भांडीकुंडी, धान्याची पोती आणि लहान मुले यांसह संसारच्या संसार ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत चढतात व पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील उसाच्या फडांकडे मार्गस्थ होतात. परतायला पाडवा उजाडतो, कधी त्याहूनही उशीर होतो. या सहा महिन्यांचा निर्णय मात्र दसऱ्याला झालेला नसतो. मुकादमाकडून उचल घेतली, त्या दिवशी भर पावसाळ्यातच तो होऊन गेलेला असतो.

उचल ही वरकरणी साधी आगाऊ रक्कम दिसते. वस्तुतः तो घरातील प्रत्येकाच्या पुढील वर्षाचा आराखडा असतो, आणि तो दुसऱ्याच कोणीतरी आखलेला असतो. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हटले जाते, या एका शब्दातच माणसाचे अवजार झाल्याची कबुली आहे. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी ठरते, आजारपणाचा दिवस खाडा म्हणून कापला जातो आणि हंगामाअखेर हिशेब जुळला नाही तर उरलेली बाकी पुढच्या हंगामाला बांधून घेते. दिवाळीनंतर मुलाची शाळा सुटते. मुलीची सुटली तर बहुधा कायमचीच, आणि मग अठरा वर्षांची अट धाब्यावर बसवून तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. यांतील एकही गोष्ट कोणी विचारपूर्वक ठरवलेली नसते. ती केवळ घडत जाते.

आत्मपरीक्षण, ध्येयनिश्चिती, आयुष्याचे नियोजन हे शब्द सभागृहांतील व्याख्यानांत शोभतात, पोटाची भ्रांत असलेल्याला त्यांचा काय उपयोग, असा प्रश्न यावर हमखास विचारला जाईल. त्यात सहानुभूती असली तरी विचार उलटा आहे. ज्याच्या गाठीशी चार पैसे आहेत, त्याची एखादी चूक खपून जाते. हातावर पोट असणाऱ्याची एक चूक लेकरांनाही फेडावी लागते. म्हणूनच थांबून विचार करण्याची खरी निकड त्यालाच अधिक आहे.

हा विचार या मातीला परका नाही. गेवराईपासून जवळच, गोदावरीच्या पैलतीरी, जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. विवाहमंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच बालवयातील रामदास तेथून निघून गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र फारसा ध्यानात घेतला जात नाही. परंपरा सांगते की त्यांनी बारा वर्षे नाशिकजवळ टाकळी येथे साधना केली आणि पुढील बारा वर्षे तीर्थाटनात देश पाहिला. प्रत्यक्ष कार्याला आरंभ केला तो त्यानंतरच. सावधपणाला त्यांनी मुदत जोडली, हे त्यातील मर्म होय. मुदत नसलेले ध्येय म्हणजे नुसती इच्छा. ती बोलून दाखवता येते, तिचा हिशेब मात्र मांडता येत नाही.

असा हिशेब मांडण्यासाठी फार मोठे साहित्य लागत नाही. शाळेच्या वहीतील एक पान पुरे. उचल कशासाठी घेतली, आजवर किती फिटली आणि कोणत्या वर्षी हे चक्र थांबवायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे नवरा-बायकोने मिळून, हंगामाहून परतल्यावर आणि नवी उचल घेण्यापूर्वी लिहावीत. आई-वडिलांना अक्षरओळख नसेल तर घरातील शाळकरी मुलीने लिहावे. आपले नाव त्या पानावर कोठे येते, हे तिलाही कळेल. 'कोयता सोडायचा' हे ध्येय प्रथमदर्शनी डोंगराएवढे वाटेल. 'दोन हंगामांत बाकी शून्यावर आणायची', 'या वर्षी मुलीची शाळा दिवाळीनंतर सुटू द्यायची नाही', 'लग्नासाठी कर्ज काढायचे नाही' ही त्याच डोंगराची पायवाट आहे. मुलीला मागे ठेवायचे तर हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळा उघडतानाच करावी लागते. ट्रक दाराशी उभा राहिल्यावर नव्हे.

गेवराईतील शिकलेल्या तरुणालाही हे पान टाळता येणार नाही. तो कोयत्यापासून सुटला, पण पुष्कळदा उसन्या ध्येयाला बांधला गेला. शेजारचा मुलगा अधिकारी झाला म्हणून आपणही पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडावयाची, आणि किती वर्षे हे न ठरवताच तारुण्य खर्ची घालावयाचे, हीदेखील एक उचलच होय. फरक एवढाच की तिची बाकी आई-वडिलांच्या शेतावर चढते.

अर्थात सारा भार व्यक्तीवर टाकून समाजाला नामानिराळे राहता येणार नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाशी जखडून ठेवण्यास १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी घातली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली हाती घेतली. कायदा आणि योजना वाड्या-तांड्यांपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पाण्याचेही तसेच आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. त्याचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. धरण बांधायला अकरा वर्षांचा धीर धरणाऱ्या समाजाला एका कुटुंबाचे ऋण फिटेपर्यंत पाठीशी उभे राहणे जड जाऊ नये.

परंतु कालवा शेताच्या बांधापर्यंत आला तरी पाणी कोणत्या पिकाला द्यावयाचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. आयुष्याचा आराखडा आपण आखला नाही म्हणून तो कोरा राहत नाही. दुसरे कोणीतरी तो आखते आणि आपण त्याखाली अंगठा उमटवतो. पुढच्या पावसाळ्यात उचलीचे पैसे मोजून घेण्यापूर्वी गेवराईतील काही घरांत जरी वहीचे ते एक पान लिहिले गेले, तरी त्या घरांतील मुलींना दिवाळीनंतर शाळेची वाट मोकळी राहील.