पोस्टरवरचं नाव

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती मुरुडची. लातूरच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने ये-जा करते. "मामू, एकांकिकेत माझी निवड झाली. मोठं काम आहे," ती म्हणाली. मी मुबारकबाद दिली, तर पलीकडे शांतता. मग हळू आवाजात म्हणाली, "दोन अडचणी आहेत. अम्मी नको म्हणते. म्हणते, उद्या स्थळं यायची बंद होतील. आणि पोस्टरवर नाव काय टाकायचं ते विचारतायत. एक जण म्हणाला, घरात तुला सोनी म्हणतात ना, मग तेवढंच लिहू. पूर्ण नाव कशाला? उगाच कुणीतरी काहीतरी बोलायचं."

तो मुलगा वाईट मनाचा नव्हता, हे तीच दोनदा म्हणाली. तिची आई, म्हणजे माझी बहीण, तीही वाईट मनाची नाही. दोघांनाही तिची काळजीच होती. पण दोन्ही काळज्यांचा शेवट एकच होत होता. एकीकडे मुलगी स्टेजवर जाणार नाही. दुसरीकडे ती जाईल, पण तिचं नाव जाणार नाही.

मी तिला विचारलं, "फैयाज माहीत आहेत का?" ती म्हणाली, "कोण फैयाज? तो शायर?"

चूक तिची नाही. आपण सांगितलंच नाही. आपल्या घरात शाहरुखच्या सगळ्या सिनेमांची नावं पाठ असतात. पण मराठी रंगभूमीवर आपल्याच भागातली एक मुस्लिम बाई किती उंचीवर पोचली, हे आपल्या पोरींना ठाऊक नसतं. म्हणून हा लेख.

मुरुडच्या स्टेशनात उभं राहा. पूर्वी इथून 'बार्शी लाईट'ची छोटी गाडी जायची, आता मोठी लाईन आहे. हीच लाईन पुढे बार्शीला जाते. शाहीर अमर शेख बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या डफावरच्या थापेने मैदानं पेटायची. पुढे कुर्डुवाडी लागतं, तिथून गाडी बदलली की सोलापूर. फैयाज सोलापूरच्या. आणि न बदलता तसंच पंढरपूरवरून पुढे गेलात तर मिरज. तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. त्यांचीच मुलगी हिराबाई बडोदेकर. बायकांनी जाहीर बैठकीत गाणं हे जेव्हा इज्जतीचं मानलं जात नव्हतं, तेव्हा त्या गायल्या, मराठी रंगभूमीवरही उभ्या राहिल्या. एका रेल्वे लाईनवर एवढी माणसं आहेत. तरी आपल्याला वाटतं की नाटक-गाणं हे 'त्यांचं' आहे आणि आपण तिथे पाहुणे.

आता फैयाज यांच्याकडे येतो.

२४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची 'नाट्यसंपदा'. वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन झाले होते आणि त्यांच्या मुलीची, झरीनाची भूमिका फैयाज यांनी केली होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी २०१५ चा सिनेमा पाहिला असेल, त्यात झरीना अमृता खानविलकर आहे. त्या झरीनाच्या मागे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची एक झरीना उभी आहे आणि ती रोज रात्री, रीटेक न घेता, समोर बसलेल्या माणसांपुढे गात होती.

त्या नाटकाची गोष्ट आठवा. सदाशिव नावाचा तरुण खाँसाहेबांचं गाणं शिकण्यासाठी स्वतःची ओळख लपवून हवेलीत शिरतो. कला घराण्याची की मेहनत करणाऱ्याची, हा त्या नाटकाचा प्रश्न आहे. नाटकात ओळख लपवावी लागते ती सदाशिवला. पण झरीना करणाऱ्या बाईंनी स्वतःचं नाव लपवलं नाही. जाहिरातीत, ध्वनिमुद्रिकेवर, नाट्यगृहाच्या फलकावर एकच शब्द होता: फैयाज. पुढे आडनाव नाही, पण ते वाचून ही कोण हे कुणालाही कळत होतं.

हे सोपं वाटतं, म्हणून तो काळ आठवून पाहा. मुंबईच्या सिनेमात त्याआधीच्या पिढीतले युसूफ खान दिलीप कुमार झाले होते. महजबीन मीना कुमारी झाली होती, मुमताज मधुबाला झाली होती. मी त्यांना दोष देत नाही. बाजार काय मागतो हे ज्याचं त्याला ठाऊक. पण मराठी नाटकाच्या प्रेक्षकांसमोर, जिथे बहुतेक खुर्च्यांवर बिगरमुस्लिम माणसं बसलेली असत, तिथे एक सोलापूरची मुलगी स्वतःच्या नावाने उभी राहिली आणि त्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. हे दोघांच्याही बाजूने नोंदवायला हवं. तिने नाव सोडलं नाही आणि प्रेक्षकांनी नावाकडे पाहून तिकीट परत केलं नाही.

झरीनापाशी त्या थांबल्या असत्या तर आपण म्हटलं असतं, मुसलमान मुलीला मुसलमान मुलीचीच भूमिका मिळाली, त्यात काय? पण तसं झालं नाही. कुसुमाग्रजांनी झाशीच्या राणीवर 'वीज म्हणाली धरतीला' हे नाटक लिहिलं, त्यातली फैयाज यांनी गायलेली गाणी आजही रेडिओवर लागली की जुनी माणसं हातातलं काम थांबवतात. नाट्यगीत, ठुमरी, लावणी असं सगळं त्या गायल्या. हृषीकेश मुखर्जींच्या 'आलाप' या १९७७ च्या हिंदी सिनेमात जयदेव यांच्या संगीतात त्यांचा आवाज आहे. नाटक, सिनेमा, गाण्याच्या मैफली अशी ही अनेक दशकांची वाटचाल आहे. एवढी वर्षं कुणी कुणाला कोट्यातून किंवा दयेपोटी उभं करत नाही. संगीत नाटकात तर मुळीच नाही. तिथे सूर चुकला की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा मान हलवतो.

आणि मग फेब्रुवारी २०१५. पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन, अध्यक्ष फैयाज. जागा कोणती? बेळगाव. या गावाचं नाव घेतलं की मराठी माणसाच्या मनात काय येतं ते वेगळं सांगायला नको. मराठी भाषेसाठी जिथे माणसं पिढ्यानपिढ्या झगडली, तिथे मराठी रंगभूमीच्या सर्वोच्च मानाच्या खुर्चीवर एक मुस्लिम बाई बसली होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापूरची बाई. पुरस्कार पुष्कळांना मिळतात. पण 'मराठी कोणाची?' या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आपल्या प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी म्हणतं, "अरे, तुझं मराठी किती छान आहे!" कौतुक असतं, पण आत काहीतरी खुपतं. मुरुडच्या बाजारात जन्म गेला, शेतकऱ्यांशी, आडत्याशी, मास्तरांशी मराठीत बोललो, मग छान का नसावं? घरात आपण दखनी बोलतो, बाहेर मराठी. दोन्ही आपल्याच. याला उत्तर म्हणून भांडण करता येतं किंवा गप्प बसता येतं. फैयाज यांनी तिसरा रस्ता घेतला. भाषेत इतकं काम केलं की तो प्रश्न विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. हा रस्ता लांबचा आहे आणि आपल्याकडून दुप्पट मेहनत मागणारा आहे, हे मी मान्य करतो. तो अन्यायही आहे. पण त्या रस्त्यावर पावलं उमटलेली आहेत.

हे झालं बाहेरच्या दाराचं. आता घरातल्या दाराबद्दल बोलू, कारण तिथे आपण जास्त अवघडतो.

गाणं, नाच, अभिनय यांबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. ज्याला हे पटत नाही त्याच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. मोहल्ल्यातला मुलगा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो तेव्हा त्याला आपण 'शौक' म्हणतो. तो रील बनवतो तेव्हा शेजारी लाईक करतात. मुलगी स्टेजवर चढते म्हटल्यावर मात्र आपल्याला एकदम सगळे मसले आठवतात. तत्त्वाचा प्रश्न असेल तर तो दोघांना सारखा लागू व्हायला हवा. फक्त मुलीलाच लागू होत असेल, तर तिथे धर्माचं नाव घेऊन आपण 'लोक काय म्हणतील' एवढंच बोलत असतो.

या दारासाठी मला आपल्या मराठवाड्यातलंच एक उदाहरण द्यायचं आहे. शौकत कैफी. शबाना आझमींची आई एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते. निजामाच्या संस्थानात जन्मलेली ही मुलगी औरंगाबादला वाढली. आपलं लातूर-नांदेडही तेव्हा त्याच संस्थानात होतं. कैफी आझमींशी लग्न करायचं तिने ठरवलं. कवी, कम्युनिस्ट, खिशात पैसा नाही. घरात विरोध झाला. तेव्हा तिच्या वडिलांनी काय केलं? ते तिला घेऊन मुंबईला गेले. हा माणूस कसा राहतो, कुठे राहतो ते तिला दाखवलं आणि निर्णय तिच्यावर सोपवला. ती म्हणाली, करायचं. वडिलांनी तिथेच निकाह लावून दिला. साल १९४७. आज फोनवर 'आधुनिक' विचार फॉरवर्ड करणाऱ्या आपल्यापैकी किती जण मुलीच्या बाबतीत एवढं करतील?

पुढे शौकत यांनी इप्टा आणि पृथ्वी थिएटरमध्ये काम केलं. तान्ह्या शबानाला पाठीशी बांधून त्या तालमीला जात, हे शबाना यांनी अनेकदा सांगितलं आहे. 'गर्म हवा'मध्ये फाळणीनंतरच्या आग्र्यातल्या सलीम मिर्झाची बायको त्यांनी उभी केली, 'उमराव जान'मध्ये कोठ्याची खानम. आणि त्या पाठीवरच्या मुलीने पुढे पाच वेळा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला: अंकुर, अर्थ, खंडहर, पार, गॉडमदर. लोक या पुरस्कारांची यादी वाचतात. मला त्या यादीच्या सुरुवातीला औरंगाबादचा तो बाप दिसतो, ज्याने मुलीला विचारलं, तुला काय वाटतं?

म्हणून मला वाटतं की फैयाज आणि शौकत यांचे फोटो त्यांच्या वाढदिवसाला स्टेटसवर ठेवून आपलं कर्तव्य संपत नाही. प्रत्येक कलाकार मुलीच्या मागे कुणीतरी रात्री उशिरा तालमीहून घरी आणणारं असतं. कुणीतरी फी भरलेली असते. कुणीतरी नातेवाइकांच्या टोमण्यांना तिच्या वतीने उत्तर दिलेलं असतं. आपण ते 'कुणीतरी' व्हायला तयार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.

मुरुडसारख्या गावात नाट्यगृह नाही, तालमीला जागा नाही, आठनंतर एसटी मिळणं मुश्कील. या अडचणी सगळ्याच मुलींच्या आहेत, आपल्या मुलींच्या वाट्याला त्यावर आणखी दोन येतात. त्यातली एक तरी आपल्या हातात आहे. शाळेतल्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलीचं नाव आपणच द्यावं. महाविद्यालयात असाल तर तुमच्या वर्गमैत्रिणीचं नाव कुणी कापत असेल तिथे 'पूर्ण लिहा' एवढे दोन शब्द बोला. तरुण मुलांनो, तुमच्या बहिणीला तालमीहून आणायला गाडी काढा. त्यात तुमची मर्दानगी कमी होत नाही. आणि नाटक असेल तिथे तिकीट काढून जा. २०१७ साली शेजारच्या उस्मानाबादला नाट्य संमेलन झालं होतं. आपल्यातले किती जण गेले होते? मीही गेलो नव्हतो. प्रेक्षागृहात आपण नसू, तर स्टेजवर आपल्या गोष्टी का नाहीत ही तक्रार करायला आपल्याला तोंड उरत नाही.

रंगकर्मी मित्रांनाही एक सांगायचं आहे. आम्हाला फक्त खाँसाहेब, सरदार आणि कोठेवाली म्हणून बोलावू नका. आमच्या घरातही कर्ज आहे, सोयाबीनचा भाव आहे, नीटची परीक्षा आहे. तीही गोष्ट लिहा. आणि नाव बदलायचा सल्ला काळजीने देत असलात तरी देऊ नका. एकदा नाव लपवलं की पुढच्या मुलीला ते लपवणं सक्तीचं होतं.

भाचीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. फोनवर फैयाज यांचं एक नाट्यगीत पाठवलं आणि म्हटलं, ऐक, अम्मीलाही ऐकव. चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. गाण्याबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "भाई, तालीम साडेसातला सुटते. लातूरहून तिला आणायला कोण जाणार?"

हा होकार होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. सध्या आणायला मी जातो. पोस्टर छापून आलंय. त्यावर तिचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट आहे. प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मी धरणार आहे. एक माझी. दुसरीवर बहीण येऊन बसेल का, ते त्या दिवशी कळेल.